आपला संघ कोणता?

ताप्तीच्या उत्तर तीरावरील बऱ्हाणपूर शहराने जितके धनी पाहिले, तितके मध्य भारतातील फार थोड्या शहरांनी पाहिले असतील. पंधराव्या शतकाच्या उंबरठ्यावर फारुकी सुलतानांनी ते वसविले आणि खानदेशची राजधानी केले. १६०१ साली असीरगड अकबराच्या हाती पडला आणि बऱ्हाणपूर मोगलांच्या खानदेश सुभ्याचे मुख्य ठाणे बनले. पुढे निजाम, पेशवे व शिंदे यांच्या हातांतून जात जात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ते कायमचे इंग्रजी अमलाखाली गेले. राज्य बदलले की नाण्यावरचा छाप बदलतो, कचेरीची भाषा बदलते, सारा कोठे भरावयाचा ते ठिकाण बदलते. बऱ्हाणपूरच्या नागरिकाला या बदलांची सवय पिढ्यान्‌पिढ्या जडलेली आहे.

परंतु अंमल बदलला म्हणून माणसाचे आपलेपण बदलतेच असे नाही. ते सनदेने मिळत नाही आणि नकाशावर ओढलेल्या रेघेने पुसलेही जात नाही. त्याचा पत्ता लागतो तो रोजच्या साध्या गोष्टींत: घरात कोणती भाषा बोलली जाते, यात्रेला कोठे जातात, सोयरिकी कोणत्या गावी होतात, आणि वर्तमानपत्र हाती आले की कोणत्या संघाचा निकाल आधी शोधला जातो. यांतील शेवटची गोष्ट वरवर पाहता करमणुकीची. तथापि एखाद्या संघाला ‘आपला’ म्हणणे म्हणजे ज्यांना आपण कधी भेटलो नाही अशा हजारो माणसांच्या सुखदुःखात स्वतःचा वाटा मागणे होय. बऱ्हाणपुरासारख्या सीमेवरच्या शहरात हा वाटा कोणाकडे मागावयाचा, या प्रश्नाला गेल्या नव्वद वर्षांत वेगवेगळी उत्तरे मिळाली. आणि ती सगळी ध्यानात घेतली म्हणजे संघ व समाज यांच्यातील नात्याचा एक बोधप्रद इतिहास डोळ्यांपुढे उभा राहतो.

क्रिकेटचा प्रसार होण्यापूर्वी ही आस्था तालमीभोवती गुंफलेली असे. खानदेश, निमाड व माळवा या लगतच्या मुलखांत नागपंचमीच्या आणि यात्रांच्या निमित्ताने कुस्त्यांचे फड भरत. फडात उतरणारा मल्ल एकटा असे. परंतु तो ज्या तालमीचा, ज्या मोहल्ल्याचा, ज्या गावचा, त्या सर्वांची अब्रू त्याच्या लंगोटाला बांधलेली असे. त्याच्या खुराकासाठी कोणी दूध पोचवी, कोणी तूप. आखाड्याच्या मातीत तेल-ताक घालून ती मळण्याचे काम शेजारपाजारची पोरे करीत. मल्लाने कुस्ती मारली की त्याच्या डोक्यावरचे पागोटे साऱ्या मोहल्ल्याचे होई, आणि तो चीत झाला की त्या रात्री अनेक घरांत जेवण गोड लागत नसे. पाठीराखा म्हणजे केवळ बघ्या नव्हे, ही समज आपल्याकडे अशी मातीतून आलेली आहे.

रणजी करंडकाच्या सामन्यांनी या भावनेला मोठे अंगण दिले. १९३४-३५ च्या हंगामात ही स्पर्धा सुरू झाली आणि प्रांताप्रांतांचे, संस्थानांचे संघ एकमेकांसमोर उभे राहू लागले. त्या वेळी बऱ्हाणपूर मध्यप्रांत-वऱ्हाडात, खांडवा हे मुख्य ठाणे असलेल्या निमाड जिल्ह्यात मोडत असे. प्रांताची राजधानी नागपूर. अर्थात कागदोपत्री बऱ्हाणपूरकरांचा संघ तो मध्यप्रांत-वऱ्हाडचा. हिंदी व मराठी या दोन्ही भाषांचा हा प्रांत अवाढव्य होता. एका टोकाला वऱ्हाडची कपाशी, दुसऱ्या टोकाला छत्तीसगडचे भात, मध्ये सातपुड्याची राने. अशा प्रांताच्या संघात एकजीव गुण यावयास वेळ लागतो. तो संघ रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यापर्यंत कधी पोहोचला नाही. तरीही त्याचे महत्त्व कमी लेखता येत नाही. कारण माणूस कोठे राहतो, एवढ्याच एका गोष्टीवर तो संघ उभा होता.

या गोष्टीचे मोल समजण्यासाठी त्याच काळातील मुंबईकडे पाहावे लागते. मुंबईत तेव्हा सर्वांत जास्त गर्दी खेचणारे सामने होते ते चौरंगी स्पर्धेचे. युरोपियन, पारशी, हिंदू व मुसलमान असे चार संघ त्यात खेळत. १९३७ साली त्यात पाचव्या संघाची भर पडून स्पर्धा पंचरंगी झाली. या पाचव्या संघाचे नाव काय, तर ‘इतर’. ख्रिस्ती, ज्यू असे जे कोणी उरले ते सारे इतर. नभोवाणीवरील क्रिकेट-वर्णनाला आपल्याकडे आरंभ झाला तो याच स्पर्धेच्या निमित्ताने, १९३४ साली, बॉबी तल्यारखान यांच्या आवाजात. मैदाने भरून वाहत, चुरस पराकोटीची असे आणि खेळही उच्च प्रतीचा होई, हे सगळे खरे. परंतु पाठीराख्याने कोणत्या बाजूला बसावयाचे हे तेथे त्याच्या जन्माने ठरून गेलेले असे.

सांगलीचे विजय हजारे यांचे उदाहरण या संदर्भात मोठे बोलके आहे. हजारे धर्माने ख्रिस्ती, म्हणून पंचरंगी सामन्यांत ते ‘इतरां’चे फलंदाज. १९४३ च्या अंतिम सामन्यात हिंदूंविरुद्ध इतरांच्या संघाने दुसऱ्या डावात ३८७ धावा केल्या, त्यांतील ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या होत्या. एवढा पराक्रम करूनही त्या मैदानावर त्यांची ओळख ‘उरलेल्यांपैकी एक’ एवढीच! तेच हजारे रणजी करंडकात बडोद्याकडून खेळावयास उतरले की बडोद्याची सारी नगरी त्यांना आपला म्हणून उचलून धरी. माणूस तोच, बॅट तीच. पण एका संघाने त्याला वगळून उरलेल्यांत मोजले आणि दुसऱ्याने पोटाशी धरले. गांधीजींनी १९४० च्या डिसेंबरात या जातवार सामन्यांविरुद्ध आपले मत स्पष्टपणे मांडले. पुढे काही वर्षे ते चालू राहिले आणि १९४६ च्या आरंभी कायमचे बंद पडले. खेळाच्या प्रेमाला कोणत्या पाटातून वाहू द्यावयाचे, हा त्या वादाचा गाभा होता. पाठीराख्यांचा उत्साह ही एक शक्ती आहे. ती शेजाऱ्यांना जोडू शकते, तशीच ती त्यांच्यामध्ये भिंतही घालू शकते.

मुंबईत हा वाद रंगात आला असता बऱ्हाणपूरच्या उत्तरेस, इंदूरला, वेगळाच प्रयोग चालला होता. इंदूरच्या होळकर राजघराण्याला क्रिकेटचे वेड होते. १९२३ साली त्यांनी नागपूरचे कोट्टारी कनकय्या नायडू, म्हणजे सर्वांचे सी. के., यांना आपल्या पदरी आणले आणि होळकरांच्या फौजेत अधिकारपद दिले. घराण्याने तेलुगू, जन्माने नागपूरकर आणि सेवेने इंदूरकर अशा या पुरुषाने १९२६ साली मुंबईत इंग्लंडहून आलेल्या एम. सी. सी. संघाविरुद्ध ११ षट्कारांसह १५३ धावा केल्या. १९३२ साली भारताच्या पहिल्या कसोटी सामन्यात कर्णधारपदाचा मान त्यांनाच मिळाला. रणजी करंडकाच्या आरंभीच्या वर्षांत इंदूरची मंडळी ‘मध्य हिंदुस्थान’ या नावाच्या संघातून खेळत. १९४१-४२ पासून ‘होळकर’ याच नावाने संघ उतरू लागला, आणि नायडू त्याचे नायक झाले.

या संघाची घडण पाहण्यासारखी आहे. सलामीला इंदूरचे सय्यद मुश्ताक अली. १९३६ साली मँचेस्टर येथे ११२ धावा करून परदेशात कसोटी शतक झळकावणारे पहिले भारतीय फलंदाज म्हणून त्यांची कीर्ती झालेली. त्यांच्या जोडीला सागरचे चंदू सरवटे, नागपूरचे हिरालाल गायकवाड, कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर, माधवसिंह जगदाळे, पारशी भाया आणि सी. कें.चे धाकटे बंधू सी. एस. नायडू. युद्धकाळात महूच्या छावणीत असलेले इंग्लंडचे डेनिस कॉम्टनही काही काळ या संघातून खेळले. पंचरंगी स्पर्धेत सी. के. हिंदूंचे तर मुश्ताक मुसलमानांचे; समोरासमोर आले की प्रतिस्पर्धी. इंदूरला मात्र एकाच टोपीखाली, एकाच खोलीत, एकाच धावसंख्येसाठी झटणारे. मराठी, उर्दू, हिंदी, तेलुगू, गुजराती आणि इंग्रजी अशा सहा भाषा ज्या संघात नांदत होत्या, त्या संघावर हक्क सांगावयास कोणाही शेजाऱ्याला संकोच वाटण्याचे कारण नव्हते.

मार्च १९४५ मध्ये ब्रेबॉर्न स्टेडियमवर मुंबई विरुद्ध होळकर असा अंतिम सामना झाला. दोन्ही संघांच्या मिळून २,०७८ धावा झालेल्या त्या सामन्याची कथा आजही जुने रसिक आवडीने सांगतात. मुंबईच्या ४६२ धावा, होळकरांच्या ३६०. मग मुंबईने दुसऱ्या डावात ७६४ धावांचा डोंगर रचला, त्यांत विजय मर्चंट यांच्या २७८. सी. एस. नायडू यांनी या एका सामन्यात ९१७ चेंडू टाकले! होळकरांना जिंकण्यासाठी ८६७ धावा हव्या होत्या. कोणताही शहाणा मनुष्य अशा वेळी हत्यार खाली ठेवील. परंतु मुश्ताक अलींनी पहिल्या डावातील १०९ धावांपाठोपाठ १३९ धावा काढल्या आणि कॉम्टन २४९ वर नाबाद राहिले. संघ ४९२ वर बाद होऊन ३७४ धावांनी हरला. करंडक मुंबईत राहिला. पण लढत कशी द्यावी याची गोष्ट इंदूरच्या वाट्याला आली, आणि पाठीराख्याला पुष्कळदा करंडकापेक्षा अशी गोष्टच अधिक दिवस पुरते.

पुढच्याच हंगामात होळकरांनी त्या पराभवाची भरपाई केली. उपांत्य सामन्यात म्हैसूरविरुद्ध ८ बाद ९१२ धावांवर डाव घोषित केला; एका डावात सहा फलंदाजांची शतके झाली. अंतिम सामन्यात बडोद्याविरुद्ध पन्नाशी गाठलेल्या सी. कें.नी २०० धावा केल्या आणि करंडक प्रथमच इंदूरला आला. १९४७ साली बडोद्याने त्याची परतफेड केली. विजय हजारे व गुल महंमद यांनी ५७७ धावांची जी भागी रचली तिचा जागतिक विक्रम २००६ पर्यंत अबाधित होता. पण होळकर संघ खचणारा नव्हता. १९४४-४५ ते १९५४-५५ या अकरा हंगामांत तो दहा वेळा अंतिम सामन्यात पोहोचला आणि चार वेळा, १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ व १९५२-५३ मध्ये, अजिंक्य ठरला. त्या काळी असे सातत्य दुसऱ्या कोणाला साधले नाही.

बऱ्हाणपूर होळकरांच्या राज्यात नव्हते. तरीही या संघाची ओढ त्या बाजूस पोचण्यास पुरेशी कारणे होती. खांडव्याहून इंदूरला जाणारा लोहमार्ग होळकरांनीच दिलेल्या एक कोटी रुपयांच्या कर्जातून उभा राहिला होता आणि त्याचे नावच मुळी ‘होळकर स्टेट रेल्वे’ असे होते. मुंबईहून येणारी मोठी गाडी भुसावळ, बऱ्हाणपूर करीत खांडव्यास पोहोचे आणि तेथून इंदूरचा डबा धरावा लागे. व्यापार, शिक्षण, नोकरी यांसाठी जाणारी-येणारी माणसे याच वाटेने जात, आणि माणसांबरोबर बातम्याही जातात. नागपूरला सी. के. आपले वाटत, कारण ते तेथे जन्मले; इंदूरला ते आपले वाटत, कारण ते तेथे राहिले. ज्या शहराचा एक पाय नागपूरच्या कचेरीत आणि दुसरा इंदूरच्या वाटेवर होता, त्याला तर ते दोन्ही बाजूंनी आपले!

येथे बऱ्हाणपूरच्या स्वभावाचाही विचार करावयास हवा. या शहराच्या जामा मशिदीत अरबी लेखाबरोबर संस्कृत शिलालेखही कोरलेला आहे. दाऊदी बोहऱ्यांची दर्गाह-ए-हकीमी, गुरू गोविंदसिंगांच्या वास्तव्याची स्मृती जपणारा गुरुद्वारा, मोमिन विणकरांचे माग, मराठी, गुजराती व हिंदी कुटुंबांच्या गल्ल्या असे हे शहर आहे. अशा ठिकाणी जातवार संघाची कल्पना नेली तर एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत जाताना पाठीराख्याला बाजू बदलावी लागेल. उलट गावाचा, मुलखाचा संघ असेल तर मागावरचा विणकर आणि पेढीवरचा व्यापारी एकाच निकालाची वाट पाहतील. संघाला पाठिंबा देऊन समाजाचा भाग होणे, असे जे म्हणतात, त्याचा खरा अर्थ हा आहे. त्यासाठी कोणाला आपले देऊळ, मशीद किंवा भाषा सोडावी लागत नाही. फक्त शेजाऱ्याबरोबर एक आशा वाटून घ्यावी लागते.

अशी वाटून घेतलेली आशा किती दूर पसरते याचा एक दाखला कलकत्त्याचा आहे. १९४५ साली ऑस्ट्रेलियन सेनादलाच्या संघाविरुद्धच्या सामन्यातून मुश्ताक अलींना वगळण्यात आले, तेव्हा कलकत्त्याच्या प्रेक्षकांनी ‘मुश्ताक नाही तर कसोटी नाही’ अशी गर्जना करून निवड समितीला आपला निर्णय फिरवावयास भाग पाडले. मुश्ताक ना बंगालचे, ना कलकत्त्याच्या कोणत्या क्लबाचे. इंदूरच्या या फलंदाजाला त्या नगरीने केवळ त्याच्या खेळाच्या रीतीवरून आपला मानले होते. जे कलकत्त्याला शक्य झाले ते ताप्तीकाठाला अशक्य का असावे?

मग संस्थाने विलीन झाली आणि राजाश्रयाचा झरा आटत गेला. मार्च १९५५ मध्ये इंदूर येथे होळकर संघ आपला शेवटचा अंतिम सामना खेळला. मद्रासने तो ४६ धावांनी जिंकून प्रथमच करंडक नेला, आणि होळकर हे नाव रणजी करंडकाच्या पटावरून नाहीसे झाले. योगायोग असा की त्याच वर्षी, मे १९५५ मध्ये, इंदूर येथे आकाशवाणीचे केंद्र सुरू झाले. ज्या संघाची वर्णने मुलखाने घरबसल्या ऐकावी, तो संघ नुकताच उठून गेला होता.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. जुन्या मध्यप्रदेशातील विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यास जोडले गेले. उरलेल्या भागाला मध्यभारत, विंध्यप्रदेश व भोपाळ ही राज्ये मिळून भोपाळ राजधानीचा नवा मध्यप्रदेश झाला. बऱ्हाणपूर या नव्या मध्यप्रदेशात राहिले. काल ज्या नागपूरकडे दाद मागावयाची, ते नागपूर दुसऱ्या राज्यात गेले; काल जे इंदूर परक्या राज्यातले, ते आता घरचे झाले. खेळाच्या जगातही हीच फाळणी उतरली. १९५७-५८ पासून विदर्भाचा संघ वेगळा खेळू लागला आणि मध्यप्रदेशचा वेगळा. बऱ्हाणपूरच्या मराठी घरातील क्रीडारसिकापुढे प्रश्न उभा राहिला: भाषेने आपला तो विदर्भ, मुलखाने आपला तो मध्यप्रदेश, आणि रेल्वेत बसून तास-दीड तासात भुसावळ गाठावे, तर तेथे महाराष्ट्राचा संघ. आपला संघ कोणता?

या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही आयोगाच्या अहवालात मिळत नाही. ते ज्याचे त्याने, बहुधा नकळत, दिले. इंदूरहून सुशील दोशींचे हिंदी समालोचन ऐकणारा आणि बाळ ज. पंडितांच्या मराठी वर्णनाने भारावणारा श्रोता एकाच घरात असू शके. शिवाय दोन्ही संघांच्या पाठीराख्यांची परीक्षा मोठी कठीण होती. विजयी संघामागे धावणे सोपे असते. जो वर्षानुवर्षे हरतो त्याचा निकाल रोज चिकाटीने पाहणे हे व्रत आहे. विदर्भाला अंतिम सामना गाठावयास तब्बल ६० वर्षे लागली. मध्यप्रदेशात नरेंद्र हिरवानींसारखे गोलंदाज निपजले. १९८८ साली मद्रास येथे आपल्या पहिल्याच कसोटी सामन्यात वेस्ट इंडीजचे १६ गडी बाद करणाऱ्या या फिरकी गोलंदाजाने सारे जग चकित केले. पण राज्याच्या संघाला करंडक काही मिळेना.

१९९९ साली तो हाताशी आला होता. बंगळूरच्या चिन्नास्वामी मैदानावर कर्नाटकाविरुद्धच्या अंतिम सामन्यात मध्यप्रदेशाने पहिल्या डावात ७५ धावांची आघाडी घेतली. सामना अनिर्णित राहिला असता तरी आघाडीच्या बळावर अजिंक्यपद मिळाले असते. शेवटच्या दिवशी विजय भारद्वाज यांच्या फिरकीपुढे डाव कोसळला आणि संघ ९६ धावांनी हरला. कर्णधार होते मुंबईचे चंद्रकांत पंडित. यष्टिरक्षक म्हणून भारताकडून खेळलेला हा मराठी खेळाडू मध्यप्रदेशात येऊन तेथला झाला होता, जसे सी. के. एकेकाळी नागपूरहून येऊन इंदूरचे झाले होते.

यानंतरचा इतिहास एखाद्या कथाकाराने रचला असता तर कोणी खरा मानला नसता. पंडित विदर्भाचे प्रशिक्षक झाले आणि फैज फजल यांच्या नेतृत्वाखाली विदर्भाने २०१७-१८ मध्ये प्रथमच अंतिम सामना गाठून दिल्लीला नऊ गडी राखून हरविले. तो सामना झाला कोठे, तर इंदूरला. आणि मैदानाचे नाव होळकर! २०१० साली तेथील स्टेडियमला ते जुने नाव पुन्हा देण्यात आले होते. १९५६ साली नागपूर व इंदूर ज्या रेषेने अलग झाले, तीच रेषा ओलांडून विदर्भाने आपला पहिला करंडक उचलला. पुढील वर्षी नागपूर येथे सौराष्ट्राला हरवून त्याने तो राखलाही.

त्यानंतर पंडित मध्यप्रदेशाकडे परतले. जून २०२२ मध्ये त्याच चिन्नास्वामी मैदानावर मध्यप्रदेशाची गाठ तोवर ४१ वेळा अजिंक्य ठरलेल्या मुंबईशी पडली. मुंबईच्या ३७४ धावांना मध्यप्रदेशाने ५३६ धावांनी उत्तर दिले. यश दुबे, शुभम शर्मा आणि इंदूरचे रजत पाटीदार या तिघांनी शतके ठोकली. २६ जून रोजी १०८ धावांचे लक्ष्य सहा गडी राखून पार झाले आणि आदित्य श्रीवास्तव यांच्या हाती करंडक आला. तेवीस वर्षांपूर्वी जेथे डोळ्यांत पाणी घेऊन परतावे लागले होते, तेथेच पंडितांना खेळाडूंनी खांद्यावर घेतले. होळकरांनी १९४५ साली मुंबईत ज्या प्रतिस्पर्ध्यापुढे हार पत्करली होती, त्याच प्रतिस्पर्ध्याला सत्त्याहत्तर वर्षांनी त्यांच्या वारसांनी नमविले. जुन्या मध्यप्रांत-वऱ्हाडाची दोन्ही शकले अशी एकाच मराठी शिक्षकाच्या हाताखाली अजिंक्य झाली.

मार्च २०२४ मध्ये तर नागपूर येथे विदर्भ व मध्यप्रदेश यांची उपांत्य सामन्यात गाठ पडली आणि विदर्भाने ६२ धावांनी बाजी मारली. एकेकाळी एकाच संघात खेळले असते असे दोन संघ समोरासमोर उभे होते. बऱ्हाणपूरच्या मराठी रसिकाने या प्रसंगी कोणाला कौल दिला असेल, हे सांगण्याची आवश्यकता नाही. त्याचा एक संघ हरला आणि एक जिंकला. ज्याला दोन घरे आहेत त्याला हे दुःख अपरिहार्य असते. परंतु दोन घरे असणे ही काही उणीव नव्हे.

या सगळ्या इतिहासातून काही गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की संघाचे नाव आणि त्याच्या सीमा वरून ठरतात, पण त्याचे आपलेपण खालून उगवते. राजाने संघ उभा केला, पुनर्रचनेने तो मोडला, मंडळाने नवा उभारला. प्रत्येक वेळी नव्या नावात जुना जिव्हाळा ओतण्याचे काम निनावी पाठीराख्यांनी केले. होळकर हे नाव रणजी करंडकातून १९५५ साली गेले असता पंचावन्न वर्षांनी ते मैदानाच्या कमानीवर परत येते, याचे कारण कोणीतरी ते मनात जपून ठेवले होते.

दुसरी गोष्ट अशी की बाहेरचा माणूस आपला होऊ शकतो. सी. के. नागपूरहून आले, निंबाळकर कोल्हापूरहून, पंडित मुंबईहून. त्यांना कोणी जन्मगाव विचारून दाराशी थांबविले नाही. हीच मोकळीक पाठीराख्यालाही मिळाली पाहिजे. नव्या गावी नोकरीस आलेला कारकून, मागावर काम मिळविण्यासाठी आलेला मजूर, सून म्हणून आलेली मुलगी यांना त्या गावाचा भाग होण्यास बऱ्याच परीक्षा द्याव्या लागतात. गावच्या संघाच्या सामन्याला जाऊन कडेला उभे राहणे ही त्यांतली सर्वांत सोपी परीक्षा होय. शेजारी उभा असलेला अनोळखी इसम धावसंख्या विचारतो, आणि तेवढ्यावर ओळख सुरू होते.

तिसरी गोष्ट इशाऱ्याची आहे. पाठीराख्याचे प्रेम जेव्हा ‘आम्ही’ इतकेच ‘ते’ या शब्दावर पोसले जाऊ लागते, तेव्हा पंचरंगी सामन्यांची आठवण करावी. ज्या संघाला कोणाला तरी ‘इतर’ म्हणावे लागते, तो संघ सामना जिंकला तरी गाव हरतो.

१५ ऑगस्ट २००३ रोजी बऱ्हाणपूर स्वतंत्र जिल्हा झाले. खांडव्याच्या छायेतून निघून त्याने आपले नाव स्वतःच्या नकाशावर पाहिले. मोठे संघ मोठ्या शहरांत घडतात, हे खरे. परंतु रणजी करंडक खेळणारा प्रत्येक खेळाडू कोठल्या तरी लहान मैदानावर, पाच-पन्नास माणसांच्या टाळ्यांत प्रथम खेळलेला असतो. त्या टाळ्या देणारे कोणत्याही विक्रमाच्या पुस्तकात येत नाहीत. एखाद्या रविवारी ताप्तीकाठच्या मैदानात शाळकरी मुलांचा सामना चालू असेल, तेथे कडेला उभे राहून चांगल्या फटक्याला दाद देणारा विणकर, दुकानदार वा निवृत्त शिक्षक हा आपल्या शहराच्या इतिहासात तेवढ्यापुरता सहभागी होत असतो. आपला संघ कोणता, या प्रश्नाचे सर्वांत जवळचे उत्तर तेथेच आहे: ज्याच्यासाठी आपण उन्हात उभे राहतो, तो.